पाठीकडचं चित्र

"ही मावशी कोणाची वाट बघत उभी आहे?" सावल्यांच्या बैठकीत मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तोही हसला. भिंतीवरच्या काळ्या आकृत्यांमध्ये मावशी कोणती म्हणून त्याने मान वर केली, आणि ती आपणच काढलेली आहे हे लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात दुसरंच काहीतरी आलं. हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने हातातला चहाचा कप खुर्चीखाली ठेवला आणि पुन्हा पाहिलं. डाव्या पायावर भार टाकून, उजवा पंख पोटाशी धरून, मान जराशी पुढे काढून त्याची बायको भिंतीवर उभी होती.

ही बैठक त्यांच्या कंपनीत दर नव्या गेमच्या वेळी होत असे. गेम असा, की खेळणाऱ्याने रानावनात हिंडून विचित्र प्राणी पकडायचे, काचेच्या बरणीत ठेवायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. हे प्राणी काढणं हे त्याचं काम. नवे प्राणी ठरत आले की ते सगळे काळ्या रंगाने भरून भिंतीवर लावत. नुसत्या आकारावरून जो ध्यानात राहील तो राहिला, नाही राहणार तो गेला. रंग, डोळे, पिसं ही सगळी नंतरची लबाडी, असं ताई म्हणायची. ताई म्हणजे त्यांच्या टीमची प्रमुख. वयाने त्याच्याहून पुष्कळ लहान, पण सगळे तिला ताई म्हणत म्हणून तोही म्हणे, आणि सगळे त्याला काका म्हणत म्हणून तीही म्हणे. त्यामुळे कामावरून बोलणी खातानासुद्धा घरातल्या घरात खाल्ल्यासारखी वाटत. ताईचा आणखी एक नियम होता. प्रत्येक प्राणी एक जीव आणि एक वस्तू मिळून झालेला पाहिजे. नुसत्या जीवावरून काढला तर तो पिंजऱ्यात शोभेल, नुसत्या वस्तूवरून काढला तर दुकानात. बेडूक आणि उशी. खार आणि स्क्रू. आपल्या प्राण्याखाली त्याने लिहिलं होतं, पाणकोंबडी आणि न उघडणारी छत्री. लिहिलं ते खोटं नव्हतं. छत्री खरंच होती. घरी दाराआड खिळ्याला टांगलेली असायची, तिची कळ बिघडली होती, आणि चित्र काढताना तो ती समोर खुर्चीवर ठेवून बसला होता. पाणकोंबडीसाठी तो तळ्यावरही जाऊन आला होता. इतके दिवस आपण छत्री काढतोय अशीच त्याची समजूत होती.

"काका, हिचा उजवा पंख उघडतच नाही?" चष्मेवालीने विचारलं. ती चित्रं काढणाऱ्यांत सगळ्यात नवी. चष्मा आता तिथे अर्ध्या लोकांना होता, पण नाव तिलाच चिकटलं होतं.

"नाही."

"मग उडते कशी?"

"उडत नाही."

"चालते तरी का?"

"धरून चालते."

"कशाला धरून?"

"भिंतीला," तो म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

ताई हसली नाही. ती भिंतीजवळ जाऊन उभी राहिली, दोन पावलं मागे आली. "मावशी राहू दे. आकार पक्का आहे. काका, पाठ कधी देताय?"

"देतो."

"तुम्ही नुसतं देतो म्हणालात की मला धडकी भरते. पुढच्या शुक्रवारी द्या. शुक्रवारी पाठ आली नाही तर मावशी बाहेर आणि चष्मेवालीचं घुबड आत. राग मानू नका, पण जागा एकच उरलीय."

"माझं घुबड कधीचं तयार होऊन बसलंय," चष्मेवाली म्हणाली. "पाठीसकट."

पाठ म्हणजे दुसरं चित्र. प्रत्येक प्राण्याची चित्रं दोन असतात. झुंजीच्या वेळी पडद्यावर समोर जो प्राणी उभा असतो तो दुसऱ्याचा. त्याचं तोंड आपल्याकडे असतं. आपला प्राणी अलीकडे, आपल्या पायाशी उभा असतो, आणि तो समोरच्याला तोंड देत असल्यामुळे आपल्याला दिसते ती त्याची पाठ. म्हणजे प्राणी रानात असेपर्यंत, परका असेपर्यंत त्याचं तोंड दिसतं. एकदा का तो आपला झाला की पाठच. या धंद्यात बहुतेक जण तोंडाकडचं चित्र जीव ओतून काढतात आणि पाठ नव्या पोरांच्या गळ्यात मारतात. तो नवा होता तेव्हा त्याच्याही गळ्यात पाठीच पडल्या होत्या. कितीतरी वर्षं त्याने दुसऱ्यांच्या प्राण्यांच्या पाठीच काढल्या, आणि काढता काढता त्याला त्यातलं कळायला लागलं. ज्या पोराने तो प्राणी पाळला, महिनोन् महिने बरोबर हिंडवला, त्याला त्याची पाठच माहीत असणार. तेव्हा पाठीवरून तो दमलाय की रागावलाय हे कळलं पाहिजे, असं तो नव्यांना सांगत असे. स्वतःच्या प्राण्याची पाठ त्याने कधी दुसऱ्याला दिली नाही, आणि तिला कधी एका दुपारपेक्षा जास्त वेळही लावला नाही. या वेळी दोन आठवडे तो टाळत होता. का टाळत होता ते आज भिंतीवर दिसलं.

जागेवर येऊन त्याने कागद घेतला. खांद्याची रेघ ओढली, खोडली. मानेची ओढली, खोडली. कागदावर जे उमटत होतं ती कुठल्याही पाणकोंबडीची पाठ होती. त्याने डोळे मिटून घेतले आणि बायकोची पाठ आठवायला लागला. आधी त्याला वाटलं, घाई करतोय म्हणून येत नाहीये. मग त्याच्या ध्यानात आलं की ती येतच नाहीये, कारण ती तिथे नाहीच. तोंड येत होतं. उजवीकडे ओघळलेला ओठ येत होता, डाव्या भुवईतला तीळ येत होता, रागावल्यावर नाकाशी पडायची ती घडी येत होती. पाठीच्या जागी काहीच नव्हतं. आणि पाठ तर त्याने रोज धुतली होती. आजारपणात तिला आंघोळ तोच घालायचा. ती स्टुलावर बसायची, तो समोर उभा राहायचा. तोल जाऊ नये म्हणून ती कपाळ त्याच्या पोटाला टेकायची आणि तो तिच्यावरून वाकून, हात मागे नेऊन पाठीला साबण लावायचा. मणका कुठे वर येतो, डाव्या खांद्याखालचं हाड कसं टोचतं, कंबरेशी जुन्या पडण्याची गुळगुळीत खूण कुठे आहे, सगळं हाताला माहीत होतं. त्याने टेबलाखाली हात हलवून पाहिला. हाताला अजून माहीत होतं. डोळ्याने मात्र ती पाठ कधी पाहिलीच नव्हती, आणि चित्र काढायला हात डोळ्याला विचारत होता.

घरी जाताना तो दोन थांबे आधी उतरून चालत गेला. चालताना पुढच्या माणसांच्या पाठी पाहत राहिला. एका बाईच्या खांद्याला पिशवी होती आणि तो खांदा वर गेला होता. एक म्हातारा हात मागे बांधून चालला होता. प्रत्येक पाठ कोणाची तरी होती. दुकानं बंद व्हायच्या आधीची घाई होती, मधे थांबून बघणाऱ्या माणसाला लोक धक्के देत होते आणि "बाजूला व्हा की हो" म्हणत होते. तो बाजूला होत होता. घरी आल्यावर दार लावताना छत्री हलली आणि तिची मूठ दारावर आपटली, रोज आपटायची तशी. ती छत्री दुरुस्त करायची नाही, फेकायचीही नाही, असं बायकोनेच ठरवलं होतं. पुढे तिची उजवी बाजू गेली आणि हात वाकून पोटाशी बसला, तेव्हा घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने डाव्या हाताने दाराआडच्या छत्रीकडे बोट दाखवलं होतं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि हसली होती. त्याला हसू आलं नव्हतं. आता वाटत होतं, तिच्याबरोबर हसून घ्यायला हवं होतं. विनोद चांगला होता.

त्या झटक्यात उजव्या बाजूबरोबर बोलणंही गेलं. पार गेलं असतं तर वेगळं, पण एक शब्द मागे राहिला, आणि तोही शब्द नव्हताच. तुबे. कुठून आला कोणाला माहीत नाही. तिच्या माहेरी विचारून झालं; लहानपणी ती असं कधी म्हणत नव्हती. बोलायला शिकवायला येणारी बाई म्हणाली, असं होतं, घरातलं सगळं सामान जळतं आणि एखादी वाटी उरते. तेव्हापासून पाणी म्हणजे तुबे, दिवा घालव म्हणजे तुबे, तुझी बहीण मला आवडत नाही म्हणजेही तुबे. सुरुवातीला ती चिडायची. डोक्यात पूर्ण वाक्य तयार व्हायचं आणि तोंडातून तेच यायचं, की ती डाव्या हाताने गादीवर बुक्क्या मारायची. त्यानंतर हळूहळू तिने त्या एकाच आवाजाला चढउतार द्यायला घेतले आणि तो ते शिकत गेला. पाण्याचा आवाज शेवटी खाली यायचा. दुखण्याचा आधीच खाली असायचा. रागाचा आखूड. आणि एक असा होता की ज्याच्यात काही मागणं नसायचं. शेवटी जरासा वर जाऊन तो तिथेच राहायचा. त्याचा अर्थ, आहेस का? त्याला उत्तर एवढंच, "आहे." दिवसातून कितीदा तरी ती विचारायची आणि तितक्यांदा तो सांगायचा. बाहेरचं कोणी आलेलं असलं की त्याला संकोच व्हायचा. त्याच्या प्राण्यांनाही एकेकच आवाज असे. पोरं त्याच एका आवाजात प्रेम ऐकत, भूक ऐकत, पत्रं पाठवून तसं कळवत. इतकी वर्षं त्याला तो पोरखेळ वाटत आला होता.

त्या काळात कंपनीने त्याला घरून काम करू दिलं. टेबल खिडकीकडे तोंड करून होतं कारण उजेड तिथे होता. पलंग त्याच्या मागे, कारण खोलीत दुसरीकडे तो मावत नव्हता. तो काढत बसायचा, ती मागे पडून असायची. चढउतार इतके अंगवळणी पडले की मागे वळायची गरज राहिली नाही. मागून तुबे यायचं आणि तो कागदावरून नजर न काढता म्हणायचा, "देतो," "बंद करतो," "तुझंच खरं," "आहे." या गोष्टीचा त्याला अभिमान वाटे. मुलीलाही त्याने एकदा करून दाखवलं होतं, बघ, न बघता सांगतो. बायको गेली ती हॉस्पिटलात, पहाटे, पुष्कळ नळ्या लावलेल्या असताना. तिथे आवाज एकच होता आणि तो यंत्राचा होता. त्याबद्दल तो फार विचार करत नसे. तो विचार करायचा त्या खोलीचा, आणि हे टेबल आता फिरवून लावायला हरकत नाही याचा. वर्ष होऊन गेलं तरी त्याने ते फिरवलं नव्हतं.

मुलीचा फोन आला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दातांची डॉक्टर होती, आणि दवाखाना बंद करून घरी जाताना रोज त्याची हजेरी घ्यायची. जेवलास का, गोळी घेतलीस का, कपडे वाळत घातलेस का. त्याने ती उत्तरं दिली आणि मग भिंतीवरच्या सावलीचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दिवसभरात दुसरं काही घडलंच नव्हतं.

ती म्हणाली, "आईला तू गेममध्ये घातलंस?"

"घातलं नाही. झालं ते."

"झालं म्हणजे? आपोआप पेन्सिल चालते का तुझी?"

"कधी कधी चालते."

"बाबा, लोक तिला पकडणार. बरणीत कोंडणार. झुंजायला लावणार. आणि कंटाळा आला की सोडून देणार. माझ्याकडे येणारी पोरं खुर्चीत बसूनसुद्धा हेच खेळतात, तोंड उघडत नाहीत. उद्या मी कोणाचा तरी दात काढत असणार आणि त्याच्या हातात आई!"

"ती आई नाही. पाणकोंबडी आहे."

"मग मला कशाला सांगतोयस?"

"शुक्रवारी नाही दिलं तर तशीही ती बाहेर जाईल," तो म्हणाला. "म्हणजे पुसून टाकतात. जागा लागते."

"आणि आवाज? त्यांना आवाज लागतो ना? माझ्या फोनवर तिचं ते आहे, हसतानाचं तुबे. ते मागशील. मी देणार नाही. शपथ आहे तुला माझी, तिचा आवाज त्यांना द्यायचा नाही."

"नाही देणार."

"रविवारी येते. कपाट आवरायचंय. तोपर्यंत काही करू नकोस," ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, "गोळी खरंच घेतलीस का?"

रविवारी ती आली आणि आल्या आल्या कपाट उघडून आईचे कपडे पलंगावर ढिगाने टाकले. पलंगावरच मांडी घालून बसली आणि घड्या घालायला लागली. ठेवायचे इकडे, द्यायचे तिकडे. बरेच कपडे इकडून तिकडे आणि तिकडून परत इकडे होत होते. त्याने तिला तोंडाकडचं चित्र दाखवलं. तिने ते हातात घेतलं नाही, मान वाकवून पाहिलं. करड्या पिसांचा, जाडसर, ठेंगणा प्राणी. मिटलेला पंख पोटाशी. चोच एका बाजूला किंचित ओघळलेली.

"हसतेय का ही?"

"नाही."

"थोडी हसतेय." तिने एक परकर झटकला, पुन्हा घडी घातली. "झुंजीत हरली की काय होतं हिचं?"

"खाली बसते. मग बरणीत परत जाते. तिथे बरी होते."

"बरी होते?"

"गेममध्ये सगळेच बरे होतात."

त्याने विचारलं, "तुला तिची पाठ आठवते का? कशी दिसायची?"

"मला काय विचारतोस? आंघोळ तू घालायचास."

"मला दिसायची नाही."

"मलाही तोंडच आठवतं. ती कायम माझ्याकडेच बघत असायची, काहीतरी चुकतंय का म्हणून." ती हसली आणि मग हसणं आवरून घड्या घालायला लागली. तो टेबलाशी जाऊन बसला. मागे कपड्यांचा आवाज येत होता. झटकण्याचा, हाताने सपाट करण्याचा. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत त्याच्या पाठीमागे कोणीतरी होतं. त्याने रेघ ओढली, खोडली नाही, पण पुढेही गेली नाही. बाहेर समोरच्या इमारतीत एक माणूस खिडकीच्या काचा पुसत होता. आतून पुसून झालं की तोच डाग बाहेरून पुसायला वाकत होता. तो हे बघत राहिला. काही वेळाने कपड्यांचा आवाज थांबला, आणि मग टक् असा एक बारीक आवाज आला.

"काय?" तो मागे न बघता म्हणाला.

"काही नाही. फोटो काढला."

"कशाचा?"

"तुझा. आई इथून हेच बघायची ना दिवसभर?"

तिने फोन त्याच्या पुढ्यात धरला. खिडकीच्या उजेडासमोर एक माणूस बसला होता, उजेडामुळे नुसता काळा, भिंतीवर लावायच्या आकृतीसारखा. डावा खांदा वर गेलेला. मान पुढे वाकायला हवी होती, कारण माणूस चित्र काढत होता, पण ती पुढे नव्हती. डावीकडे आणि किंचित मागे कललेली होती. एका गालाची कड दिसत होती, डोळा दिसत नव्हता. बसायची ही काय पद्धत, असं त्याला आधी वाटलं. मान अवघडेल अशाने. मग लक्षात आलं की ती अवघडतेच. गेल्या वर्षी डॉक्टरने उशी बदलायला सांगितली होती आणि त्याने बदललीही होती. डावीकडे मागे पलंग होता. पलंगाची उशाकडची बाजू. ती आवाज द्यायची त्या आधीच त्याचा कान तिकडे जाऊन बसलेला असायचा, आणि त्याला तिथून परत यायला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"तू कायम असाच बसतोस," मुलगी म्हणाली. "मला वाटायचं कामात बुडालेला आहेस. आई म्हणायची..." ती थांबली. "आई काय, तुबेच म्हणायची. पण तुझ्या पाठीकडे बोट दाखवून म्हणायची."

"कुठलं तुबे?"

"मला कुठे कळतं? ते तुझं खातं."

त्याने फोन तसाच पुढ्यात ठेवून घेतला आणि काढायला लागला. एका दुपारचं काम होतं, दुपारीच झालं. जाडसर ठेंगण्या प्राण्याची पाठ, डावा खांदा वर, मान मागच्या बाजूला कललेली, एका गालाची कड. मुलीने जाताना टेबलाशी थांबून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ठेव मग," म्हणाली. द्यायच्या ढिगातला एकही कपडा तिने नेला नाही. कपाटात सगळे होते तसे परत गेले, फक्त घड्या नव्या.

शुक्रवारपर्यंत थांबायला नको म्हणून त्याने सोमवारीच पाठ दिली. ताईने ती पडद्यावर मोठी करून पाहिली. "मान अशी का? झुंजीत समोर बघायला हवं ना हिने? मागे काय आहे?"

"ज्याची ती आहे, तो."

ताईने पुन्हा पाहिलं. "तोंड दिसत नाही ना नियमाप्रमाणे?"

"गाल दिसतो. डोळा नाही."

"चालेल," ताई म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, बरे आहात ना?" आणि तो बरं आहे म्हणाला. चष्मेवालीचं घुबड पुढच्या गेमसाठी फडताळात गेलं. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याकडे येऊन म्हणाली, "मावशीने माझ्या घुबडाचं घर बुडवलं." आणि मग, "पण पाठ भारी आहे. मला शिकवाल?" तो हो म्हणाला. काय शिकवणार होता कोणास ठाऊक.

आवाजाचं काम आवाजवाल्याकडे होतं. तो तळमजल्यावर जाड पडदे लावलेल्या खोलीत बसायचा. तिथे जुन्या बिजागऱ्या, डबे, फुगे, तुटके पियानो असं सामान पडलेलं असायचं आणि तो स्वतः एवढा बडबड्या होता की त्याच्याच आवाजाने निम्मे प्राणी झाले आहेत अशी चेष्टा चालायची. "या काका, या! मावशीला काय देऊ? बदकाचा देऊ? बिजागरी देऊ? तुमच्याकडे काही नमुना असेल तर फार बरं, म्हणजे डोकं कमी चालवावं लागतं."

"नमुना नाही," तो म्हणाला. "मी करून दाखवतो."

"तुम्ही? वा! बसा, बसा. हे कानाला लावा."

हे त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. मुलीने शपथ घातली होती ती आईच्या आवाजाची. पण माइकसमोर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा शब्द त्याने कधी उच्चारलाच नव्हता. इतके महिने ऐकला, उत्तरं दिली, पण तोंडाने म्हटला नाही. म्हटला असता तर तिला वेडावून दाखवल्यासारखं झालं असतं. आवाजवाल्याने पाणी दिलं. त्याने पाण्याचा आवाज काढून पाहिला, शेवटी खाली येणारा. मग दुखण्याचा. मग आखूड, रागाचा. आपल्याच कानात आपलाच आवाज येत होता, म्हातारा, चिरका, पण उतार बरोबर होते. आवाजवाला आधी मान डोलवत होता, नंतर थांबला.

"हे... हे कोणाचं आहे, काका?"

"माझंच म्हण."

"बरं." त्याने एक बटण उगाच पुढेमागे केलं. "बरणीतून बाहेर आल्यावर एकदाच ओरडायचंय तिने. यातला कुठला घेऊ?"

"थांब. एक राहिला." त्याने कानावरचं काढून ठेवलं, डोळे मिटले आणि तो म्हणाला, ज्यात काही मागणं नाही तो, शेवटी जरासा वर जाऊन तिथेच राहणारा. खोलीतले पडदे जाड होते. आवाज कुठे आपटून परत आला नाही.

"हा प्रश्न आहे," आवाजवाला म्हणाला.

"हो."

"मग खेळणाऱ्याने काय करायचं?"

"काही नाही. उत्तर द्यायची सोय आपल्या गेममध्ये नाही."

त्यानंतर काही आठवडे नेहमीसारखे गेले. तो खेकडा आणि कात्री यांच्यावर काम करत होता. जमत नव्हतं, कारण खेकड्यात कात्री आधीच असते. त्याच्या जागेच्या मागे गेम तपासणाऱ्यांची टेबलं होती. दोन पोरं आणि एक पोरगी दिवसभर खेळून चुका शोधत, एकमेकांना शिव्या देत, चिप्सची पाकिटं फोडत. त्या दिवशी नवा भाग जोडून आला होता. "ए, मावशी आली, मावशी आली," मागून पोरगी म्हणाली. "काढ बाहेर." त्याने ते ऐकलं आणि खेकड्याचा पाय काढत राहिला. आवाजवाल्याने आवाज बारीक केला होता, म्हातारपण काढून टाकलं होतं, काय काय केलं होतं. पण उतार त्याने हलवला नव्हता.

"तुबे?"

"आहे," तो म्हणाला.

मागचं टकटक बंद झालं. पाकीट चुरगळलं जात होतं ते मध्येच थांबलं.

"काका? आम्हाला काही म्हणालात?"

मागे पोरं होती, त्यांचे पडदे होते, भिंत होती. त्याला ते माहीत होतं. मान वळवली असती तर ते सगळं जागच्या जागी दिसलं असतं. त्याने मान वळवली नाही. "नाही," तो म्हणाला. "चालू द्या तुमचं."

पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती हलवायला नको म्हणून त्याने तशीच धरून ठेवली, आणि डावा खांदा वर करून, त्या पोरांनी मावशीला परत बरणीत घालून पुन्हा बाहेर काढण्याची वाट बघत बसला.